गाणं संपू द्यायचं नाही

खिडकी बंद होती आणि वरात खाली अडून बसली होती.

चौगुल्यांचा लेक घोड्यावर घामानं निथळत होता. करवल्या भिंतीच्या सावलीला सरकल्या होत्या. आणि माझे वडील, म्हणजे आबा, क्लॅरिनेट तोंडाला लावून तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून घेत होते. मागं ढोल, ट्रम्पेट, खुळखुळे, सगळा नवजीवन ब्रास बँड मान खाली घालून साथ देत होता. खिडकी मगदूमांच्या माडीची. आत सुलभा होती, माझी मैत्रीण.

मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. आधी वाटलं, नवऱ्याकडचं कुणी नाचायला हौशी असेल. पण नाचत कुणीच नव्हतं. सगळे वर खिडकीकडं बघत होते आणि दात काढत होते.

शेवटी खिडकी उघडली. सुलभाचा चेहरा दिसला न दिसला तोच गल्लीत टाळ्या पडल्या, आबांनी गाणं आवरतं घेतलं आणि वरात पुढं सरकली. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली श्रीकांत शेटे उभा होता. हात छातीशी बांधलेले, डोळे मिटलेले. शेवटचा सूर विरला तेव्हाच त्यानं डोळे उघडले, आणि खिडकीकडं न बघताच निघून गेला.

संध्याकाळी जेवताना आबांनी आपणहून सांगितलं.

"शेट्यांच्या श्रीकांतची फर्माईश होती. म्हणाला, आबा, खिडकी उघडेस्तोवर वाजवायचं."

"किती जीव त्या पोराचा तिच्यावर," आई म्हणाली.

"आणि तिनं उघडलीच नसती तर?" मी विचारलं.

"उघडतीयाच की. किती वेळ ऐकून घेईल?" आबा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

हे कॅसेटच्या जमान्यातलं. आमचं गाव कृष्णाकाठचं, मिरजेच्या अलीकडं. मला ते सोडून आता एक जन्म झाला. त्या वेळी मी लग्नाची होते, माझं तोंड फटकळ होतं आणि अजून आहे. सुलभा माझ्या अगदी उलट. तिच्याशी कुणी भांडलं तर हीच माफी मागायची. ती बालवाडीत शिकवायची. मगदूम बडे लोक, आम्ही बँडवाले. मी त्यांच्या बाहेरच्या सोप्यापर्यंतच जायची. पण ती सोप्यात येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसायची, म्हणून आमचं जमलं.

श्रीकांतचं दुकान स्टँडसमोरच्या चौकात. कॅसेटी विकायचा, लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. दिसायला नीटस, बोलायला मऊ. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. गावातल्या बायका पोरांना दटावताना त्याचं उदाहरण द्यायच्या. आणि त्याचं ते गाणं: 'वाट तुझी अन् पाऊल माझे.' आमच्या आईबापांच्या तरुणपणी रेडिओवर आलं आणि मग गेलंच नाही. पहिल्या गायकानं ते अगदी हळू, लाजत म्हटलं होतं. त्यानंतर ज्याला कंठ फुटला त्या प्रत्येकानं ते म्हणून घेतलं. मुंबईच्या एका पोरीनं ते पळत पळत म्हटलं. पलीकडं कर्नाटकात त्याचं कानडी झालं. कुणी सनईवर घेतलं, कुणी माऊथ ऑर्गनवर, बेंजो पार्ट्यांनी तर त्याचा पार भुगा केला. भजनी मंडळानं त्याच चालीत विठ्ठलाला बसवलं. श्रीकांतकडं ही सगळी होती. मिळेल तिथनं आणायचा, कॅसेटवर भरून घ्यायचा आणि त्यातलं नवं काही हाती लागलं की आबांना बोलावून ऐकवायचा.

एकदा मी आबांना डबा द्यायला दुकानात गेले होते. तेव्हा तो म्हणाला, "गाणं एकच आहे आबा, पण प्रत्येकानं वेगळं म्हटलंय. यातलं एक ना एक तिला पटेलच."

मी तिथंच बोलले, "आणि एकही नाही पटलं तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दुकानात आलेलं गिऱ्हाईक बघावं तसं. "मग अजून शोधू," म्हणाला.

सांगायची गोष्ट ही की त्यानं सुलभाला कधी एक शब्द विचारला नाही. वाट अडवली नाही, हात धरला नाही, चिठ्ठी पाठवली नाही. तक्रार करायची तर कशाची? ती बालवाडीला निघाली की चौकात कानडी लागायचं. परत येताना सनई. देवळात गेली तर भजनाला तीच चाल, कारण मंडळाला टाळ त्यानं दिलेले. मी भजनाच्या बुवांना म्हटलं, बंद करा हे. बुवा म्हणाले, "अगं, देवाचं नाव घेतोय त्यात. पोरीला एवढं काय टोचतंय?"

मग जयसिंगपूरचे पाहुणे तिला बघायला आले. पोह्यांच्या बशा हातात होत्या, मुलगा बरा होता, सुलभा मान वर करून त्याच्याशी दोन शब्द बोललीसुद्धा होती. तेवढ्यात दारात बेंजो पार्टी येऊन उभी राहिली. ना सण ना वार. तेच गाणं सुरू झालं. मुलाच्या मामांनी विचारलं, हे काय? तर शेजारच्या काकूंनी कौतुकानं सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, कळवतो म्हणाले. कळवलं नाही. पुढचं स्थळ कवठ्याचं. ते तर दारातनंच माघारी फिरलं.

अण्णा मगदूम, सुलभाचे वडील, वाईट माणूस नव्हते. पण अब्रूपुढं त्यांना काही दिसत नव्हतं. मी सोप्यात बसले असताना एक दिवस ते तिला म्हणाले, "आता कोण येणार हाय तुला बघायला? गावानं लग्न लावूनच टाकलंय तुझं. पोरगं घरचं चांगलं हाय, निर्व्यसनी हाय. मी शेट्यांना शब्द देतोय."

"अण्णा, मला तो नको," सुलभा म्हणाली. तिनं एवढं स्पष्ट बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"का? काय केलंय त्यानं?"

तिला सांगता येईना. खरंच, काय सांगणार? गाणं लावतो म्हणून? ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अण्णा उठून गेले आणि सुपारी फोडायचा दिवस ठरला.

त्यानंतर ती कानात कापूस घालून बसायला लागली. मी शेजारी बसून बोलले तरी तिला ऐकू जायचं नाही. एकदा नदीला धुणं घेऊन गेलो. तिनं कापूस काढला आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"शालन, पाण्यात डोकं बुडवलं ना, की काही ऐकू येत नाही. एकदम शांत."

"मग डुबकी मार आणि ये वर."

"वर आलं की परत ऐकू येतं," ती म्हणाली. "काल मी बराच वेळ आत राहिले होते."

माझ्या हातातलं धुणं तसंच राहिलं. तिचा दंड धरून मी तिला काठावर आणली. घाबरले होते, म्हणून शिव्या घातल्या. ती म्हणाली, पुण्याच्या मावशीनं नर्सिंगच्या शाळेत तिचं नाव घातलंय, पण अण्णा सोडणार नाहीत, आणि पळून जायचं तर एसटी श्रीकांतच्या दुकानासमोरनंच सुटते. तो दिवसभर तिथं बसलेला असतो. "मला बघितलं की उठून येईल," म्हणाली, "आणि मग माझा पायच उचलणार नाही."

त्या संध्याकाळी आबा क्लॅरिनेटची पत्ती पुसत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"आबा, तुम्ही वाजवता त्या गाण्यानं सुलभा मरणार हाय."

"काय बरळतीस?"

मी नदीवरचं सगळं सांगितलं. ती जे बोलली तेच, तसंच. आबा बराच वेळ पत्ती पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मला वाटलं, प्रेम हाय," ते म्हणाले.

"प्रेम असतं तर खिडकी बंद बघून गेला असता की नाही घरी?"

आबांनी पत्ती जागेवर बसवली. वाद्य पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "सुपारीच्या आदल्या दिवशी हरगुड्यांचं लगीन हाय. नवऱ्याचा परण्या दुपारचा मारुतीपासनं निघून चौकातनं मांडवाकडं जायचा."

बँडाचा आमच्याकडं एक रिवाज होता. वरात चौकात थांबली की ज्याला हवं ते गाणं त्यानं मागायचं, आणि धरलेलं गाणं मधी सोडायचं नाही. अर्ध्यात सोडलं तर नवऱ्याला लागतं, असं म्हणायचे. नवऱ्याचा बापसुद्धा मधी थांबवायचा नाही. आणि श्रीकांतची खोड मला ठाऊक होती. ते गाणं कुणी समोर वाजवायला लागलं की तो डोळे मिटायचा, ते थेट संपल्यावरच उघडायचा. गाव म्हणायचं, काय भक्ती.

"गाणं संपू द्यायचं नाही," आबा म्हणाले. "एसटी पूल ओलांडेस्तोवर."

लग्नाच्या दिवशी सुलभा आणि मी नट्टापट्टा करून निघालो. तिचे कपडे आहेरासारखे बांधून मी काखेत मारले होते. दारात अण्णांनी विचारलं, कुठं? हरगुड्यांच्या लग्नाला, म्हटलं. ते म्हणाले, उद्या तुझी सुपारी आहे, उन्हात फार फिरू नको. सुलभा वाकून त्यांच्या पाया पडली. ते चपापले, पण त्यांना वाटलं उद्याचं म्हणून. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला तिकडं बघवेना.

आम्ही मागच्या बोळातनं स्टँडच्या पाठीमागं जाऊन भिंतीआड उभ्या राहिलो. चौकात परण्या येऊन थांबला होता. आबा बँड सोडून दुकानाच्या पायरीपाशी गेले.

"श्रीकांतराव, उद्या तुमची सुपारी. आज तुमचं गाणं माझ्याकडनं."

तो खूश झाला. आत मशीनचं बटण दाबून पायरी उतरून खाली आला, स्टँडकडं पाठ केली, हात छातीशी बांधले आणि डोळे मिटले. आबांनी पहिला सूर लावला.

एसटी आली नव्हती.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आता मुखडा घेऊन संपवायचं असतं. आबांनी मुखडा घेतला आणि संपवायच्या जागेवरनं अलगद सनईच्या चालीत शिरले. ढोलवाल्यानं दचकून त्यांच्याकडं बघितलं. आबांनी मान हलवली, तो मागनं गेला. सनईचं झालं, तर कानडी ढंग सुरू. श्रीकांतच्या दुकानात बसवून जे जे ऐकवलं गेलं होतं, ते ते आबा एका पाठोपाठ एक काढत होते. मुंबईच्या पोरीचं पळापळीचं. माऊथ ऑर्गनचं. बेंजोचं. लोकांना मजा वाटायला लागली. श्रीकांतच्या मिटल्या डोळ्यांखाली हसू पसरत चाललं होतं. सुलभानं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी फुटली.

नवऱ्याचे चुलते पुढं आले. "आबा, आवरा. मुहूर्त टळतोय."

आबा वाजवत राहिले.

"अहो, ऐकू येतंय का? भटजी बोलावतायत."

कुणीतरी चुलत्यांना मागं ओढलं. मधी तोडू नका, अपशकुन होईल. चुलते दातओठ खात बाजूला झाले. नवजीवन बँडाला पुन्हा सुपारी देणार नाही म्हणाले, आणि पुढं त्यांनी तो शब्द पाळला. आबांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. शर्ट पाठीला चिकटला होता. ते भजनाच्या चालीवर आले तेव्हा मला कळलं की आता त्यांच्याकडं दुसरं काही उरलेलं नाही.

तेवढ्यात एसटी वळणावर दिसली. ड्रायव्हरनं गर्दी बघून हॉर्न दिला. श्रीकांतच्या पापण्या हलल्या.  आबांनी भजनाचा सूर एकदम वर चढवला, सगळा बँड त्यांच्यामागं उसळला, आणि त्या पापण्या परत स्थिर झाल्या.

"जा," मी म्हटलं. सुलभाचे पाय जमिनीला चिकटले होते. कानात ते गाणं, समोर त्याची पाठ. मी तिला अक्षरशः ढकलत नेलं, आहेराचं गाठोडं आत फेकलं. कंडक्टर म्हणाला, ताई, जरा सावकाश. ती पायरीवर चढली आणि मागं न बघता आत गेली. गाडी गर्दीतनं वाट काढत श्रीकांतच्या पाठीमागनं, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळनं गेली.

आबांनी ती पुलावर चढलेली बघितली, पलीकडं उतरलेली बघितली. मग मुखडा घेतला आणि गाणं संपवलं.

श्रीकांतनं डोळे उघडले. लोक टाळ्या वाजवत होते. परण्या धावतपळत मांडवाकडं निघाला. तो मात्र आबांच्या समोर उभा राहिला.

"आज सगळी वाजवलीत, आबा."

"हं."

"माझ्याकडची सगळी. एकही सोडलं नाहीत." मऊ आवाज, नेहमीसारखा. "एवढं का लांबवलंत?"

"सूर लागला होता," आबा म्हणाले. त्यांच्या ओठातनं रक्त येत होतं.

श्रीकांतनं मान वळवून रिकाम्या स्टँडकडं बघितलं. धूळ अजून खाली बसली नव्हती. मग पुलाकडं बघितलं. मग मी रस्ता ओलांडत होते तिकडं. मी लपायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही, आणि आबांना त्याच्यासमोर एकटं सोडवेना.

"तू स्टँडकडनं आलीस," तो म्हणाला.

"हो."

"एकटीच?"

"एकटीच."

 माझ्या मनगटाला बांगडी लागून रक्त आलं होतं, ते त्यानं बघितलं. "तुला आवडतं का गं हे गाणं?"

"मला शिसारी येते त्याची," मी म्हटलं. "आणि तिलाही यायची. गावात कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

मला वाटलं, आता ओरडेल, हात उगारेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो हसला. खरंखुरं, मनापासून.

"एवढं तोंडावर कुणी बोललं नव्हतं मला," तो म्हणाला आणि दुकानाची पायरी चढून गेला.

संध्याकाळी अण्णा मगदूमांनी गाव पालथं घातलं. मिरजेला माणसं धाडली. सुलभाची गाडी तोवर पुण्याच्या वाटेला लागली होती. पुढं ती सिस्टर झाली, तिकडंच स्थिरावली, अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना स्वतःकडं घेऊन गेली. पण त्या दिवशी अण्णा श्रीकांतच्या दुकानात जाऊन त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. तो म्हणाला, "असू दे अण्णा. तिचं मन नव्हतं." लोकांचे डोळे भरून आले. केवढं मोठं मन, म्हणाले.  मला मात्र त्याच्या आवाजात दुःखाचा लवलेशही ऐकू आला नाही.

सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. आमची आळी गावाच्या टोकाला. तिकडं कधी कुणी लाऊडस्पीकर लावत नसे. गावात कार्य असलं की आम्ही वाजवायला जायचो, ऐकायला नाही. श्रीकांतच्या दुकानातला एक गडी खांद्यावर शिडी घेऊन आला. काही न बोलता त्यानं ती आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबाला टेकवली. वर चढला, भोंगा बांधला, त्याचं तोंड आमच्या घराकडं केलं, जरा वाकून नेम बघितला आणि तारेनं आवळला.

आबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा ओठ सुजला होता. भोंग्यात खरखर सुरू झाली. मग एका क्लॅरिनेटचा पहिला सूर आला, आणि मागं ढोल. आमचाच बँड होता. कालचं सगळं त्यानं दुकानातल्या मशीनवर भरून घेतलं होतं.

आत चुलीपुढनं आईनं विचारलं, "कुणाच्यात कार्य हाय गं?"

"कार्य न्हाई," आबा म्हणाले. "शालनची ट्रंक भर."